दोन क्लिप ताडून बघण्याआधीची तयारी

माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की तुळजापूरचा रात्रीचा गोंधळ, शूटिंगची फाईल पाठवण्याजोगी लहान करावीच लागते. ती चालेल की नाही हे मूळ फाईलशी ताडून ठरवायचं. ताडायला वेळ लागत नाही, पण आधीची मांडणी चुकली तर निकालही चुकतो आणि तो चुकलाय हे कळतही नाही.

मूळ फाईल म्हणजे कॅमेऱ्याच्या कार्डावरून थेट उतरवलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप मूळ धरू नका. ती वाटेतच दाबली गेलेली, म्हणजे डेटा कमी करून लहान केलेली असते, ते नुकसान मग हिशेबातच येत नाही.

तुकडे निवडायला मात्र सवड काढा, सगळं इथेच ठरतं. दहा-दहा सेकंदांचे तीन-चार पुरेत, पण अवघड हवेत. कीर्तनकार उभे, मागे स्थिर पडदा, हे दृश्य कमी बिटरेटलाही (म्हणजे सेकंदाला कमी डेटा दिला तरी) देखणं दिसतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात भंडारा उधळतात तो क्षण घ्या. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, पुढची फ्रेम बरीचशी आधीच्या फ्रेमवरून रचतो. हवेतला प्रत्येक कण वेगळ्या दिशेला उडाला की ती सोय संपते, बिटरेट अपुरा पडतो आणि भंडाऱ्याच्या जागी पिवळट चौकोन उरतात. दुसरा तुकडा गोंधळाचा घ्या, दिवटीचा उजेड आणि मागे काळोख असलेला. उजेड काळोखात विरतो तिथे छटांचे पट्टे पडलेत का बघा. तिसरा पैठणीच्या काठाचा, अगदी जवळून घेतलेला. ४:२:२ आणि ४:२:० या रंगाची माहिती किती राखली त्याच्या खुणा. कॅमेऱ्याने ४:२:२ मध्ये टिपलेलं ४:२:० झालं की रंगाची उभी माहिती निम्मी होते, आणि लालावरच्या हिरव्या मोराची कड आधी फिसकटते.

मग दोन्ही क्लिप फ्रेमला फ्रेम जुळवा. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. डोळ्याला ते जाणवत नाही, पण एवढ्या सरकण्यानेही हलत्या दृश्याला दर्जासाठी मिळणारे गुण धाडकन खाली येतात. संबळावर काठी टेकते ती फ्रेम दोन्हीकडे शोधा आणि तिथून मोजा. फ्रेमरेट सारखा हवाच. दाबलेली क्लिप ७२० ची आणि मूळ १०८० ची असेल, तर लहान क्लिप वाढवून १०८० करा. मूळ फाईल कमी करू नका, नाहीतर हरवलेला बारकावा झाकला जातो.

एका फाईलमधला काळा राखाडी दिसला तर लगेच दर्जाला दोष देऊ नका. उजेडाच्या पातळ्या १६ ते २३५ असलेली फाईल ० ते २५५ ची समजून दाखवली तरी तसंच दिसतं. फाईलमध्ये पातळ्यांची जी खूण नोंदलेली असते ती आधी तपासा. स्क्रीनचा ऑटो ब्राइटनेस, नाइट लाइट, टीव्हीचा ‘व्हिविड’ मोड, सगळं बंद. खिडकीचा पडदा ओढून घ्या.

फाईलींना ‘अ’ आणि ‘ब’ ही नावं दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा. कोणती लहान केलेली हे आपल्याला माहीत असलं की तिच्यात दोष दिसायलाच लागतात.

दाबलेली फाईल मूळच्या किती जवळ आहे हे आकड्यात सांगणारी मोजमापं तीन: पीएसएनआर जुनं, एसएसआयएम २००४ चं आणि व्हीमॅफ नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलेलं. मी व्हीमॅफवर भर देतो. एफएफएमपेग या व्हिडिओच्या मोफत प्रोग्राममध्ये ते चालवताना आधी दाबलेली फाईल द्यायची, मग मूळ. त्याचं नेहमीचं मॉडेल १०८० च्या टीव्हीसमोर पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसलेला प्रेक्षक गृहीत धरतं. आपले लोक मोबाईलवर बघणार असतील तर फोनचं मॉडेल निवडा. फ्रेमवार नोंदही चालू ठेवा, कारण सरासरी १०० पैकी ९३ आली तरी भंडाऱ्याचे दोन सेकंद ६० वर घसरलेले असू शकतात. सगळ्यात कमी गुणांच्या फ्रेम काढा, तेवढाच भाग न थांबवता, नेहमीच्या वेगाने, लोक ज्या स्क्रीनवर बघणार त्याच स्क्रीनवर चालवून बघा आणि मगच फाईल पाठवा.