वितळलेल्या मिठातली रसायनक्रिया : नव्याने या कामाला लागणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. होईपर्यंत द्रावक म्हटले की पाणी, इथेनॉल, टोल्युइन एवढेच माझ्या डोळ्यांसमोर येत असे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मार्गदर्शकांनी मला बेरियम टायटेनेट या सिरॅमिक पदार्थाची पूड सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड यांच्या वितळलेल्या मिश्रणात तयार करायला सांगितली, तेव्हा मीठ हाही एक द्रावक आहे हे मी प्रथमच गांभीर्याने ऐकले. वास्तविक ही कल्पना आपल्याला परकी नाही. सोनार मुशीत सोने वितळवताना टाकणखार टाकतो, तोही वितळून धातूवरची ऑक्साइडे आपल्यात विरघळवून घेतो. या कामात नव्याने येणाऱ्यांना मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे, ती म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्रात द्रावक कोरडा आणि शुद्ध करून घेण्यासाठी आपण जेवढे कष्ट घेतो, तेवढेच कष्ट मिठासाठीही घ्यावे लागतात.

घन पुडी नुसत्या एकत्र करून तापवल्या, तर जिथे कणाला कण टेकतो तिथेच अभिक्रिया सुरू होते आणि पुढे आयनांना घन पदार्थातून वाट काढावी लागते. म्हणून बेरियम टायटेनेटसाठी सामान्यतः 1100 अंश सेल्सिअसच्या पुढे जावे लागते, शिवाय मध्ये काढून पुन्हा खलावेही लागते. वितळलेल्या मिठात आयन द्रवातून फिरतात, त्यामुळे 800 ते 900 अंशांवर काही तासांत काम होते. यातला खरा सुंदर भाग असा की टायटॅनियम डायऑक्साइड या मिठात फारच थोडा विरघळतो, तर बेरियम त्या मानाने अधिक विरघळून त्याच्या कणांपर्यंत पोहोचतो, आणि म्हणून तयार होणारा कण बहुधा मूळ टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणाचा आकार घेतो. सुरुवातीला सुईसारखे कण घेतले तर शेवटीही तसेच कण मिळण्याची शक्यता असते. त्यामुळे कच्चा माल निवडतानाच त्याचे सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र पाहून ठेवावे.

मीठ निवडण्यापूर्वी फेज डायग्राम, म्हणजे कोणते मिश्रण कोणत्या तापमानाला वितळते हे दाखवणारा आलेख, वाचायला शिकावे. सोडियम क्लोराइड 801 अंशांना आणि पोटॅशियम क्लोराइड 770 अंशांना वितळते, पण दोन्हींचे समान मोल घेतले तर मिश्रण सुमारे 657 अंशांनाच वितळते. लिथियम आणि पोटॅशियम क्लोराइडांचे युटेक्टिक (म्हणजे सर्वांत कमी तापमानाला वितळणारे) मिश्रण साधारण 355 अंशांवर, तर सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटांचे सुमारे 220 अंशांवर द्रवरूप होते. मात्र केवळ वितळणबिंदू पाहून मीठ ठरवू नये. वितळलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड टाकला तर सोडियम टायटेनेट तयार होते, म्हणजे तिथे द्रावक स्वतःच अभिक्रियेत उतरतो.

माझी पहिली मोठी चूक लिथियम क्लोराइडच्या बाबतीत झाली. जुलै महिना होता, बाहेर पुण्याचा पाऊस होता, आणि मी वजन करून ठेवलेले लिथियम क्लोराइड उघडेच सोडून चहाला गेलो. परत आलो तेव्हा घड्याळकाचेवरची (काचेच्या उथळ बशीवरची) पूड ओलसर होऊन कडेने पाझरू लागली होती. मी ती तशीच खलून मुशीत भरली. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तेव्हा मीठ उसळून झाकणाबाहेर आलेले होते आणि मूस खालच्या विटेला घट्ट चिकटलेली होती. सांडलेल्या मिठापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच होती. गरम क्लोराइडाबरोबर पाणी राहिले की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि द्रवात हायड्रॉक्साइड व ऑक्साइड आयन उरतात, त्यामुळे द्रावकाची आम्लारिधर्मिताच बदलते आणि काल मिळालेले उत्पादन आज मिळत नाही. तेव्हापासून सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइड मी रात्रभर 200 अंशांवर ठेवून गरम असतानाच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात, हलवतो, आणि लिथियमचे मीठ ग्लोव्ह बॉक्सबाहेर, म्हणजे कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीबाहेर, काढत नाही.

एक ग्रॅम बेरियम टायटेनेटसाठी 0.846 ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि 0.343 ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड लागतो. त्याला मी दहा ग्रॅम मीठ घेतो, म्हणजे 4.39 ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि 5.61 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. कार्बोनेटातून कार्बन डायऑक्साइड सुटून फेस येतो, म्हणून ॲल्युमिनाची मूस निम्म्याहून अधिक भरू नये. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, त्यामुळे खलताना हातमोजे आणि मास्क हवेतच. नायट्रेटांच्या बाबतीत तर माझा आग्रह आहे की गाळण कागद, साखर, तेल, कोळसा असा कोणताही सेंद्रिय किंवा जळाऊ पदार्थ त्यांच्याजवळ येऊ देऊ नये, कारण स्फोट होऊ शकतो. कोणत्याही वितळलेल्या मिठात ओला चिमटा बुडवणे हेही तितकेच घातक आहे.

भट्टीपेक्षा जास्त वेळ धुण्यात जातो, आणि नवखी मुले इथेच फसतात. थंड झालेली ढेप गरम पाण्यात सोडली की मीठ विरघळते आणि पांढरी पूड तळाशी बसते. हे पाच-सहा वेळा केल्यावर, आता झालेच असे वाटत असतानाच, गाळलेले पाणी दुधाळ येऊ लागते. मीठ असते तोवर बारीक कण एकमेकांना धरून राहतात, आणि ते निघून गेले की सुटे होऊन गाळण कागदातून निसटतात. माझा एक संपूर्ण नमुना असाच बेसिनमध्ये गेला. त्यामुळे शेवटची धुणी सेंट्रिफ्यूजमध्येच करावीत, आणि क्लोराइड उरले आहे का हे पाहणारी सिल्व्हर नायट्रेटची चाचणी वरच्या निवळ पाण्याचीच, त्यात आधी नायट्रिक आम्लाचा थेंब टाकून, घ्यावी. मात्र पूड स्वतः आम्लयुक्त पाण्याने धुऊ नये, कारण पृष्ठभागावरचे बेरियम निघून जाते.

पुढे काम कुठे मिळेल, असे विद्यार्थी विचारतात. ॲल्युमिनियम धातू मिळवण्याचा उद्योग 1886 मध्ये शोधलेल्या, वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारावर चालणाऱ्या पद्धतीवर उभा आहे. कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेसाठी लिथियम-पोटॅशियम क्लोराइडावर काम चालते, कराईकुडीच्या सेक्रीमध्ये (केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेत) विद्युतरसायनाच्या अंगाने, तर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात वितळ-क्षार अणुभट्टीच्या दृष्टीने अभ्यास झालेला आहे. अशा ठिकाणी अर्ज करताना प्रबंधाबरोबर आपली प्रयोगवहीही नीट ठेवलेली असावी. माझ्या वहीत प्रत्येक प्रयोगापुढे मीठ किती तास वाळवले, त्या दिवशी हवेतली आर्द्रता किती होती आणि कितव्या धुण्याला पाणी दुधाळ झाले, यांचे तीन रकाने आखलेले आहेत, आणि मुलाखतीत माझ्या आलेखांपेक्षा त्या रकान्यांवरच अधिक प्रश्न विचारले गेले.