दाराला धक्का न लावता मॉर्टिस लॉक कसं काढावं

फ्लॅटच्या लाकडी दाराचं कुलूप बदलताना नुकसान होतं ते दाराचं. कडेचा सनमायका टवका उडून निघतो, नाहीतर खाचेची कड दबते. कारण बहुधा एकच असतं: कुठला तरी स्क्रू अजून धरून असतो आणि आपण पटाशी घालून जोर लावतो. मॉर्टिस लॉक म्हणजे दाराच्या जाडीत खाच करून बसवलेलं कुलूप. ते क्रमाने सोडवलं तर हाताने बाहेर येतं.

दार उघडं ठेवा आणि खाली पाचर मारा. अर्धवट काम झालेलं दार वाऱ्याने लागलं, तर हँडल नसताना ते उघडणं अवघड जातं.

हँडलच्या आणि दाराच्या कडेच्या पितळी पट्ट्यांभोवती दारावर मास्किंग टेप लावा. पट्टीच्या कडेवर पॉलिश किंवा रंग चढलेला असेल तर कटरने पट्टीला लागून रेघ ओढा. ही दोन मिनिटं वाचवली, की पट्टीबरोबर रंगाचा पापुद्राही निघतो.

आता किल्ली फिरवून बोल्ट पूर्ण बाहेर काढा. पुढे तोच धरायला उपयोगी पडतो. मग दाराच्या कडेची पट्टी पाहा. वर-खाली दोन स्क्रू असतात ते कुलपाचे. सिलिंडरच्या, म्हणजे किल्ली घालायच्या भागाच्या, समोर असलेला तिसरा स्क्रू सिलिंडरचा; बोटभर लांब आणि बारीक. तो आधी पूर्ण काढा. किल्ली आत घालून किंचित, १० ते १५ अंश, डावीकडे-उजवीकडे फिरवत हलकेच ओढा. सिलिंडरच्या मधली जीभ अंगाशी समपातळीत आली की तो सरकतो. इथे ओढाताण करू नका, किल्ली वाकते. तरीही अडला तर हँडलच्या पट्ट्या त्याला आवळून धरत असतात. त्यांचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा.

त्यानंतर हँडल. काहींच्या दांड्याखाली छोटा स्क्रू लपलेला असतो, तो अ‍ॅलन कीने सोडवावा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आरपार स्क्रूंनी जोडलेल्या असतील तर एका हाताने पलीकडची पट्टी धरा, नाहीतर ती खाली पडते. मधली चौकोनी सळई ओढून घ्या.

राहिले कडेचे दोन स्क्रू. गंजलेल्या स्क्रूच्या डोक्यावर थेंबभर तेल सोडून १५ मिनिटं थांबा आणि डोक्याच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर वापरा. पितळी स्क्रू मऊ असतो, एकदा घसरला की खाच गोल होते. तसं झालंच तर मधे रबर बँड धरून, दाबून फिरवा.

दोन्ही निघाले की बाहेर आलेला बोल्ट फडकं गुंडाळलेल्या पकडीने धरून सरळ आपल्याकडे ओढा. पट्टीच्या मागे स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका. फ्लश डोअरची कड तिथेच फुटते. पावसाळ्यात लाकूड फुगून कुलूप आवळून बसतं; दोन्ही बाजूंना आलटून-पालटून थोडं थोडं हलवा. जमत नसेल आणि घाई नसेल, तर कोरड्या हवेची वाट पाहणंच बरं.

नवं कुलूप त्याच खाचेत बसवायचं असेल, तर सैल झालेल्या भोकात फेविकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या, गूल काढून, ठोका. २४ तासांनी कडेशी समपातळीत कापा आणि नवा स्क्रू तिथेच, बारीक भोक पाडून, घ्या.