ॲल्युमिनियम वाकवायचं असेल तर ६०६१ नको, ५०५२ घ्या

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये ‘ॲल्युमिनियमची ३ मिमी शीट द्या’ एवढंच सांगितलं, तर हाती काय येईल याचा नेम नाही. ग्रेड (मिश्रधातूचा नंबर, जसा ५०५२) आणि टेम्पर (तो किती आणि कसा कडक केलाय त्याची खूण, जशी एच३२ किंवा टी६) दोन्ही सांगा, बिलावर लिहून घ्या.

ब्रॅकेट, ट्रे, पॅनेलचं कव्हर असं प्रेस ब्रेकवर (शीट वाकवायच्या मशीनवर) वाकवायचं काम असेल तर ५०५२-एच३२. ३ मिमी शीटला बेंडची आतली त्रिज्या ४ ते ५ मिमी ठेवली की पुरते. तीच त्रिज्या ६०६१-टी६ला दिली तर बाहेरच्या बाजूने तडे जातात. तिथे १० ते १२ मिमी लागते. कुठलीही शीट असो, बेंडची रेघ रोलिंगच्या (शीट लाटली गेली त्या) दिशेला आडवी घ्या.

६०६१-टी६ मशीनिंगला उत्तम: जिग, फिक्श्चर (काम धरून ठेवायची साधनं), प्लेट. पण वेल्डिंग केलं की जोडाजवळची ताकद साधारण ४० टक्क्यांनी उतरते, कारण उष्णतेने टी६चा परिणामच निघून जातो. डिझाइन करताना जोड कमी ताणाच्या जागी न्या. नंतर ॲनोडायझिंग (पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवणं) करायचं असेल तर फिलर (जोडात भरायची तार) ५३५६ वापरा. ४०४३ फिलरचा जोड काळपट दिसतो.

खिडक्यांचे सेक्शन बहुधा ६०६३चे असतात. फिनिश छान, ताकद कमी; त्यांच्यावर मशीनचा भार टाकू नका.

७०७५-टी६ची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) ५०० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे ६०६१-टी६च्या जवळपास दुप्पट. मोह होतोच. पण टिग-मिगने (नेहमीच्या आर्क वेल्डिंगने) वेल्ड केलं तर ते तडकतं, आणि गंजाच्या बाबतीतही नाजूक.