कॅमेरा आधी कानाला लावा

एके काळी माझ्या कपाटात २१ जुने कॅमेरे होते. एका रविवारी सगळे खाली काढले, एकेकाचं शटर (फिल्मवर उजेड पडू देणारा पडदा) चढवलं, म्हणजे त्याची स्प्रिंग ताणली, आणि दाबून बघितलं. धड चालणारे निघाले पाच. बाकीचे नुसतेच देखणे. कुणाचा आरसा वर जाऊन तिथेच अडकला होता, कुणाच्या लेन्समध्ये बुरशीने जाळं विणलं होतं, एकाचं बटण दाबलं तर काहीच झालं नाही, साधा आवाजसुद्धा नाही. त्या दिवसापासून घरात एक नियम केला: वर्षाकाठी निदान एक रोल ज्यातून जात नाही, तो कॅमेरा कपाटात राहणार नाही. आता सात उरलेत. सातही आत्ता उचलून बाहेर नेता येतील असे.

म्हणून माझा पहिला सल्ला देखणेपणाच्या विरुद्ध आहे. चकचकीत क्रोम, कातडी केस, जुन्या जाहिरातीतला रुबाब, या सगळ्याला मी फसलेली आहे. पहिला कॅमेरा ३५ मिमी फिल्मचा एसएलआर, म्हणजे लेन्समधलं दृश्य आरशावरून थेट डोळ्याला दाखवणारा, घ्या आणि ज्याचं शटर सेलशिवाय चालतं असाच घ्या. अशा कॅमेऱ्यात शटर स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालतं. सेल लागतो तो फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राला. सेल संपला तरी फोटो काढता येतो. पेंटॅक्स के१००० (१९७६ पासून १९९७ पर्यंत निघत होता), मिनोल्टा एसआरटी १०१, कॅनन एफटीबी, निकॉन एफएम, ऑलिम्पस ओएम-१ ही सगळी याच जातीची मंडळी. के१००० च्याच वर्षी, १९७६ मध्ये, कॅनन एई-१ आला. कॅमेरा उत्तम, पण त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. सेल नसेल तर तो ढिम्म हलत नाही, आणि आतलं सर्किट गेलं तर चिमटा-पेचकस घेऊन बसणारा कारागीरही हात टेकतो. तो दुसरा किंवा तिसरा म्हणून घ्या.

यातला ओएम-१ माझा लाडका, हे आधीच कबूल करते म्हणजे पुढचं पक्षपाती वाटलं तर कारण कळेल. १९७२ मध्ये तो एम-१ या नावाने आला. लायका कंपनीचा ‘एम’ कॅमेरा आधीपासून बाजारात होता, तिकडून हरकत आली आणि नावात ‘ओ’ शिरला. त्याचे रचनाकार योशिहिसा मैतानी यांनी शटरची चकती वरून काढून लेन्सच्या बुडाशी, माउंटभोवती, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते त्या कड्याभोवती, बसवली. त्यामुळे डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असतानाच डाव्या हाताने शटर, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) आणि फोकस तिन्ही फिरवता येतात. लहान हातांच्या माणसाला याचं मोल विचारा.

आता तपासणी. कॅमेरा हातात आला की डोळ्याआधी कान वापरा. शटर एक सेकंदावर ठेवा, चढवा, कानाशी धरा आणि दाबा. ‘खट्’, मग बारीक घरघर, मग ‘खट्’. ती घरघर म्हणजे आतल्या मंद गतीच्या चाकांचा आवाज. ती एकसारखी हवी. मध्येच दमून रेंगाळली, किंवा दुसरा ‘खट्’ आलाच नाही, तर आतलं तेल सुकून चिकट झालंय. फोनवर आवाज रेकॉर्ड करून दोन खटक्यांमधलं अंतर मोजलं तर नेमका आकडाही मिळतो. मग १/२, १/४, १/८ असं खाली या. प्रत्येक पायरीला आवाज आखूड होत गेला पाहिजे. दोन पायऱ्या सारख्याच ऐकू आल्या तर काहीतरी गडबड आहे.

वेगवान बाजू कानाला कळत नाही, तिथे डोळा लागतो. लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, कॅमेरा उजेड्या भिंतीकडे रोखून १/१००० वर शटर दाबा. क्षणभर पूर्ण चौकट उजळलेली दिसली पाहिजे. एका कडेला काळी पट्टी दिसली तर मागचा पडदा पुढच्याला गाठतोय. फोटोतही ती कड काळीच येणार. पडदा कापडी असेल तर अंधाऱ्या खोलीत पुढून टॉर्च मारून मागून बघा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं ताऱ्यांसारखी चमकतात. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्यात, हे जास्त आढळतं, कारण तिथे पडद्यापुढे आरसा नसतो. उघडी लेन्स उन्हाकडे राहिली तर भिंगाने कागद जळतो तसा पडदा जळतो. माझ्या एका कॅमेऱ्याला मी स्वतः असं भोक पाडलंय, टेबलावर, दुपारी, झाकण न लावता.

लेन्समध्ये टॉर्च मागून मारा आणि तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर असू द्या, फोटोत काही येत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, सरळ खाली ठेवा. सगळीकडे दुधी धूसरपणा असेल तरीही. ॲपर्चरची पाती कोरडी आणि चपळ हवीत. त्यांच्यावर तेलाचा ओघळ दिसला की ती हळूहळू मिटतात आणि फोटो जास्त उजळतो. पिवळी लेन्स दिसली तर मात्र लगेच नाक मुरडू नका. पेंटॅक्सच्या काही सुपर-ताकुमार ५० मिमी एफ/१.४ लेन्सच्या काचेत थोरियम आहे, ती काच वर्षांनुवर्षांत चहाच्या रंगाची होते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की रंग बराच उतरतो.

आणि स्क्रू बघा. खाचा चेपलेल्या, ओरबाडलेल्या असतील तर आधी कुणीतरी हौशी हात आत जाऊन आलेला आहे. अशा कॅमेऱ्याच्या वाटेला मी जात नाही.

घरी आणलेल्या कॅमेऱ्याला शिवणयंत्राचं तेल पाजायचं नाही. हे वेगळं सांगावं लागतं, कारण पहिल्यांदा प्रत्येकालाच तो मोह होतो. तेल पसरत पसरत पडद्यावर आणि पात्यांवर जातं, मग दुरुस्ती दुप्पट. तेलपाणी जाणत्या माणसाकडून करून घ्या.

घरी बिनधास्त करावं असं एक काम आहे: फोम बदलणं. मागचं झाकण जिथे बसतं त्या खाचेत उजेड अडवायला काळ्या फोमची पट्टी असते. ती ४०-५० वर्षांत विरघळून डांबर होते. बोट लावा, काळं लागलं की समजा. लाकडी टूथपिकच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते डांबर खाचेतून हळूहळू खरवडायचं. एका वेळी दोन सेंटिमीटरच. टोक पुसायचं, पुन्हा बुडवायचं. शटरच्या पडद्यावर कण पडू नये म्हणून कॅमेरा उपडा धरायचा, म्हणजे घाण खाली कागदावर पडते. मला पहिल्या वेळी दोन तास लागले आणि नखं आठवडाभर काळी होती. स्वच्छ झालेल्या खाचेत पातळ नवा फोम बसवा. अरुंद खाचेत काळी लोकरही दाबून छान बसते. आरसा वर आपटतो तिथेही फोमची एक पट्टी असते, ती विसरू नका. मात्र आरशाला हात लावायचा नाही. त्याचा मुलामा काचेच्या मागे नसून पुढच्या अंगाला असतो, आणि मी तो एकदा रुमालाने पुसला. ओरखडे अजून आहेत. फोटोत येत नाहीत, पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की दर वेळी मला माझी अक्कल दिसते.

सेलची भानगड थोडक्यात सांगते. त्या काळातले बरेच मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर, पीएक्स ६२५ वर, बेतलेले होते. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. आजचा १.५ व्होल्टचा सेल बसतो, पण बऱ्याच मीटरांना चुकीचं बोलायला लावतो. मी श्रवणयंत्रात घालतात तो ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल वापरते. तो सुमारे १.४ व्होल्ट देतो. आकाराने लहान असल्याने भोवती रबरी कडं घालावं लागतं. वरचं स्टिकर काढलं की तो आपला आपण संपायला लागतो, त्यामुळे जोडीला एक खिशात ठेवा. के१००० ला साधा एलआर४४ चालतो, पण त्याच्या मीटरला बंद करायचं बटण नाही. काम झालं की लेन्सला झाकण लावायचं, एवढंच.

मीटर मेलेला असला तरी अडत नाही. लख्ख उन्हात ॲपर्चर एफ/१६ ठेवा (आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि शटर फिल्मच्या वेगाच्या, म्हणजे डबीवरच्या आकड्याच्या, जवळचं: २०० ची फिल्म असेल तर १/२५०. विरळ ढग आले की एफ/११, आभाळ भरलं की एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/५.६. निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी झालेला सोसत नाही. शंका आली की एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट करा. स्लाइड फिल्मचं नेमकं उलटं.

रोल भरताना मी काय केलं होतं ते ऐका. मैत्रिणीच्या मांजरीची पिल्लं तीन आठवड्यांची होती. मी एक अख्खी दुपार पालथी पडून फोटो काढले. ३६ झाले, ३७ झाले, ३८, मी खूश: बघा, रोलमध्ये जास्तीची फिल्म आली! आकडा ४० च्या पुढे गेला तेव्हा पोटात गोळा आला. फिल्मचं टोक पलीकडच्या रिळात अडकलंच नव्हतं. अख्खा रोल डबीत जसाच्या तसा. पुन्हा गेले तेव्हा पिल्लं नव्हती, बोके होते.

तेव्हापासून हे असं: सावलीत उभं राहायचं, टोक रिळाच्या खाचेत घालायचं, दोन्ही कडांची भोकं दात्यांवर बसल्याचं बघून, एकदा वाइंड करून मगच झाकण लावायचं. मग रिवाइंडची चकती हलकेच उलटी फिरवून ढील काढून घ्यायची. पुढच्या प्रत्येक वाइंडला ती चकती स्वतःहून फिरली पाहिजे. ती फिरतेय म्हणजे फिल्म चालतेय. माझी नजर अजूनही दर फोटोनंतर तिकडे जाते. रोल संपला की लिव्हर अडतो, तिथे जोर करायचा नाही, भोकं फाटतात. खालचं बटण दाबा, सावकाश रिवाइंड करा. शेवटी टोक सुटल्याचा ‘फट्’ असा हलका आवाज येतो आणि चकती एकदम सैल होते. मगच झाकण उघडा.

दोन खोड्या लक्षात ठेवा. फेड आणि झोर्की या सोव्हिएत रेंजफाइंडरांत शटरची गती नेहमी चढवल्यानंतरच बदलायची, आधी नाही. आतली यंत्रणा बिघडू शकते. आणि कुठल्याही जुन्या कॅमेऱ्याच्या सेल्फ-टायमरला, तो चालतो याची खात्री नसेल तर, हातच लावू नका. अर्ध्यात अडकला तर शटरही ओलीस धरतो.

पहिला रोल परीक्षेचा. एकच देखावा घ्या, उजेड बदलत नसेल अशा वेळी. २०० ची फिल्म असेल तर उन्हात १/१००० ला एफ/८, १/५०० ला एफ/११, १/२५० ला एफ/१६. सावलीत १/२५० ला एफ/५.६ पासून १/३० ला एफ/१६ पर्यंत. वहीत फोटोचा क्रमांक आणि आकडे लिहा. उन्हातल्या निगेटिव्ह एकमेकींसारख्या आणि सावलीतल्या एकमेकींसारख्या गडद यायला हव्यात. एखादी जास्त गडद आली तर ती गती सुस्त आहे. माझ्या एका कॅमेऱ्याचं १/१००० प्रत्यक्षात १/५०० च्या आसपास आहे. दुरुस्त केलं नाही, तळाला चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. त्याच्यासोबत संसार चालू आहे.

एवढं झालं की मजा. कुठून कुठपर्यंत स्वच्छ येईल ते सांगणारी दुहेरी आकड्यांची पट्टी लेन्सवर असते, तिच्याशी मैत्री करा. ३५ मिमीची लेन्स, एफ/८, फोकस पाच मीटरवर: अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ. फोकसला हात न लावता नुसतं उचलून दाबायचं. माझे बरे फोटो असेच निघालेत, आणि घासून फोकस केलेले बहुतेक टुकार.

संग्रह वाढवायचा तर एकच माउंट धरून वाढवा. एम४२ या माउंटचे आटे असलेली लेन्स पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवर, प्राक्टिकावर, झेनिटवर बसते; तीन देशांचे कॅमेरे, एकच लेन्सची पेटी. मी आधी सगळीकडून एकेक आणला आणि माझ्याकडे सहा माउंटच्या सहा ५० मिमी लेन्स जमल्या. सहाही जवळजवळ एकच फोटो काढतात.

ठेवताना कातडी केस काढून टाका. ती ओल धरते आणि बुरशीला घर देते. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत लहानसा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. सेल बाहेर, शटर उतरवलेलं. महिन्यातून एकदा सगळे बाहेर काढून प्रत्येकाच्या सगळ्या गती वाजवायच्या. न हलणारं तेल लवकर घट्ट होतं.

परवा रात्री तेच करत होते. सातही ओळीने टेबलावर, दिवा मंद, एकेकाचा एक सेकंद ऐकत. तिसऱ्याची घरघर मध्येच थबकली, जणू जिना चढताना दम घ्यायला थांबली, आणि मग दुसरा खटका आला. फोनवर मोजलं: दीड सेकंद. डोळ्याला त्याच्यात काही फरक दिसत नाही. सोमवारी त्याला तेलपाण्याला नेणार आहे.