कांद्याचा ‘सरासरी भाव’ नीट कसा काढायचा

बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. किमान-कमालची बेरीज करून निम्मी करू नका. मधल्या ट्रॉल्यांचं त्यात काहीच उमटत नाही. आमच्या गटाचा हिशेब मी ठेवते, तो असा.

समजा, सात ट्रॉल्यांना क्विंटलमागे भाव मिळाले: १२००, १३५०, १४००, १४००, १४००, १५५०, २९००. बेरीज ११,२००, भागिले ७, सरासरी १६००. पण सातपैकी सहा जणांना १६००च्या आतच मिळाले! एकाच निवडक मालाने आकडा फुगवला. म्हणून भाव चढत्या क्रमाने मांडा आणि बरोबर मधला, चौथा घ्या: १४००. हा मध्यक. ट्रॉल्या सम असतील तर मधल्या दोन भावांची सरासरी. सर्वाधिक वेळा आलेला भाव म्हणजे बहुलक. इथे तोही १४००. गाडी भरायची की थांबायचं, हे मी मध्यकावरच ठरवते.

स्वतःच्या हिशोबपट्टीचं, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या पावतीचं, गणित वेगळं. दहा क्विंटल २०००ने आणि तीस क्विंटल १२००ने गेला, तर सरासरी १६०० नव्हे. प्रत्येक भाव वजनाने गुणा, बेरजेला एकूण वजनाने भागा: ५६,००० भागिले ४०, म्हणजे १४००. उत्पादन खर्चाशी ताडायचा तो हाच भाव. हमाली, तोलाई मात्र आधी वजा करा.