पाणी ३९ फुटांवर येण्याआधी

चर्चमधली तरुण मुलं विचारतात, "मावशी, विश्वास रोज जगायचा कसा?" मी म्हणते, पावसाळ्यापासून सुरुवात करा.

आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३५ च्या पुढं गेलं की नदीकाठी एकट्या राहणाऱ्या कुणा म्हाताऱ्या माणसाला फोन करायचा. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. "संध्याकाळी रिक्षा घेऊन येते, औषधं आणि रेशनकार्ड पिशवीत भरून ठेवा," असं म्हणा. प्रभूवरची आशा मला अशा भरलेल्या पिशवीत दिसते. २०१९ चा महापूर पाहिलेल्यांना हे पटवावं लागत नाही.

सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, पेशंटच्या नातेवाइकासाठी भाकरी-पिठलं न्या. आधी जेवू द्या. प्रार्थना विचारूनच करा. नको म्हणाले तरी तितक्याच मायेनं बसा. फोटो अजिबात नको.

सगळ्यात अवघड सोसायटीची मीटिंग. "त्या लोकांना फ्लॅट भाड्यानं नको" असा विषय निघाला की लगेच बोला; उशीर झाला की सगळ्यांच्या माना डोलतात. आवाज न चढवता एवढंच: "मला मान्य नाही, माझा विरोध इतिवृत्तात लिहा." शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, त्या कोल्हापुरात आपण गप्प बसायचं? येशूच्या गोष्टीत वाटेवरच्या जखमीला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसानंही त्याची जात विचारली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याकडं नेहमीसारखं विरजण मागायला जा. आणि ते कुटुंब राहायला आलं, की पाणी किती वाजता येतं ते सांगायला पहिल्यांदा तुम्हीच जा.