जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ कसा लावायचा

भारतीय पासपोर्टच्या आत राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते: धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावे. यातला 'लेट' म्हणजे अडथळा. फार पूर्वी इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती, एक अडवण्याचे आणि एक मोकळीक देण्याचे. झिजत झिजत दोन्ही 'लेट' झाली. त्यातले अडवण्याचे क्रियापद वापरातून गेले, मोकळीक देणारे उरले. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून पलीकडच्या चौकटीत पडली की पुकारतात तो 'लेट'ही अडथळ्याचाच. हॅम्लेटला बापाच्या भुतामागे जाण्यापासून सोबती रोखतात, तेव्हा जो 'लेट' करील त्याचेच भूत करीन, असे तो धमकावतो. आजचा अर्थ घेतला तर जाऊ देणाऱ्यालाच तो मारायला निघाल्यासारखे होईल.

अनोळखी शब्द दिसला की आपण कोश उघडतोच. फसवतात ते ओळखीचे. म्हणून वाक्य अडले की त्यातल्या सगळ्यात सोप्या दिसणाऱ्या शब्दावर आधी संशय घ्या.

सुरुवात मजकुराच्या सालापासून करा. शेक्सपिअरचे इंग्रजी 1600 च्या आसपासचे, किंग जेम्स बायबल 1611 चे. अभ्यासक याला आरंभीची आधुनिक इंग्रजी म्हणतात. 'ओल्ड इंग्लिश' हे नाव साधारण 1150 पूर्वीच्या भाषेचे आहे. ती जवळपास परकी भाषाच आहे आणि तिचे कोश वेगळे आहेत.

मग अक्षरे तपासा. साधारण 1800 पर्यंतच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब 'एस' येतो आणि तो 'एफ'सारखा दिसतो. त्यामुळे 'सेम'चे 'फेम' आणि 'सेल'चे 'फेल' वाचले जाते, आणि दोन्ही खरे शब्द असल्याने चूक लक्षातही येत नाही. भिंगातून बघा: 'एफ'ची आडवी रेघ उभ्या दांडीच्या दोन्ही बाजूंना जाते, लांब 'एस'ची फक्त डावीकडे असते किंवा नसतेच. शब्दाच्या शेवटी मात्र नेहमीचाच 'एस' असतो. स्कॅन केलेल्या पुस्तकात शोध घेताना शब्द 'एफ' घालूनही शोधावा, कारण यंत्रही तसेच फसते. त्याहून जुन्या छपाईत 'यू' आणि 'व्ही' जागेवरून ठरत: शब्दाच्या आरंभी 'व्ही', मध्ये 'यू'. शेक्सपिअरच्या 1623 च्या संग्रहात 'लव्ह'मध्ये 'यू' दिसतो तो यामुळे.

सर्वनामांत मराठी वाचकाचे काम सोपे आहे. 'दाउ' म्हणजे तू, 'दी' म्हणजे तुला, 'दाय' म्हणजे तुझा. प्रार्थनेत ऐकून पुष्कळांना 'दाउ' आदरार्थी वाटते. ते एकेरीच आहे. विठ्ठलालाही आपण 'तू'च म्हणतो. शेक्सपिअरच्या नाटकात एखादे पात्र 'यू'वरून 'दाउ'वर आले तर थांबून बघा: जवळीक वाढली असेल किंवा अपमान चालला असेल. 'हिअर, हिदर, हेन्स' हे आपले इथे, इकडे, इथून. 'व्हेअर, व्हिदर, व्हेन्स' म्हणजे कुठे, कुणीकडे, कुठून. 'व्हेअरफोर' मात्र या रांगेत बसवू नका. ज्युलिएट सज्जात उभी राहून रोमिओ कुठे आहे असे विचारत नाही, तू रोमिओच का आहेस असे विचारते. शत्रूच्या घराण्याचे ते नाव हेच तिचे दुःख आहे.

आता कोश. आजचे विद्यार्थी-कोश इथे कुचकामी, कारण ते चालू अर्थ आधी देतात आणि मेलेले अर्थ बहुधा गाळतात. ऑक्सफर्डचा मोठा कोश (1884 ते 1928) अर्थ कालक्रमाने लावतो आणि प्रत्येक अर्थाखाली सालासह अवतरणे देतो. पहिला अर्थ उचलून निघून जाऊ नका. आपल्या मजकुराच्या सालाभोवतीची अवतरणे ज्या अर्थाखाली आहेत तो अर्थ घ्या. सतराव्या-अठराव्या शतकासाठी जॉन्सनचा 1755 चा कोश चांगला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीसाठी मोल्सवर्थ-कँडी यांचा 1847 चा इंग्रजी-मराठी कोश जरूर बघा. त्या काळचा अर्थ थेट त्या काळच्या मराठीत मिळतो.

व्युत्पत्तीला अर्थ समजणे ही नेहमीची चूक. 'नाइस'चे मूळ लॅटिनमधल्या 'अजाण'मध्ये आहे आणि चौदाव्या शतकात तो मूर्ख या अर्थी येतो, पण एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत तो अर्थ घातलात तर सगळा प्रसंग बिघडेल.

मिळालेला अर्थ त्याच पुस्तकात आणखी दोन-तीन ठिकाणी घालून बघा. किंग जेम्स बायबलच्या 119 व्या स्तोत्रात भक्त म्हणतो, मी पहाटेला 'प्रिव्हेंट' केले. पहाट कोण रोखणार? 'आधी येणे' हा अर्थ घातला की पहाटेपूर्वी उठून धावा करणारा माणूस समोर उभा राहतो. त्याच पुस्तकात 'मीट' म्हणजे कोणतेही अन्न, 'कॉर्न' म्हणजे धान्य, 'सफर' म्हणजे होऊ देणे आणि 'क्विक' म्हणजे जिवंत. पाऱ्याला 'क्विकसिल्व्हर', म्हणजे जिवंत चांदी, म्हणतात ते याच अर्थाने.

मुंबईतल्या जुन्या इंग्रजी खरेदीखतांतही हे शब्द भेटतात. 'विटनेसेथ' म्हणजे 'साक्ष देते'. 'एथ' हा तृतीयपुरुषी एकवचनाचा जुना प्रत्यय. 'मेसुएज' म्हणजे राहते घर, त्याला लागून असलेल्या इमारती आणि आवाराची जमीन यांसह. इथे अर्थ अंदाजाने लावू नये, वकिलाला विचारावे.

कंपनी सरकारच्या कागदांत एखादा शब्द कुठल्याच इंग्रजी कोशात सापडेना, तर तो मोठ्याने वाचा. 'पेटाह' म्हणजे पेठ, 'पोटेल' म्हणजे पाटील, 'कचरी' म्हणजे कचेरी. कानाला ओळख पटली नाही, तरच 1886 चा 'हॉब्सन-जॉब्सन' हा इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश उघडा.